पीव्हीसी तपकिरी का पडतं?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात पीव्हीसीतल्या काही क्लोरीनच्या जागी गंधक असलेला फिनाइलथायो गट बसवायचा आहे. टेट्राहायड्रोफ्युरानमधलं पीव्हीसी, पाण्यातला 40 टक्के कॉस्टिक सोडा, थोडं थायोफिनॉल आणि टीबीएबी (टेट्राब्युटिलअमोनियम ब्रोमाइड, आयनांना पाण्यातून सेंद्रिय थरात नेणारा कॅटॅलिस्ट) 60 अंशांवर ढवळलं. द्रावण पिवळं, मग तपकिरी झालं. गंधक मात्र नावापुरतं बसलं. टीबीएबी वाढवावं का?

उत्तर : अजिबात नको. टीबीएबीचा आयन थायोफिनोलेटला (थायोफिनॉलच्या ऋण आयनाला) आधी सेंद्रिय थरात नेतो. ते संपलं, किंवा हवेनं त्याचं डायसल्फाइड झालं, की हायड्रॉक्साइडची पाळी येते. हायड्रॉक्साइड साखळीतून हायड्रोजन क्लोराइड काढून टाकतं. एक दुहेरी बंध झाला की शेजारचा क्लोरीन सैल होतो; असे बंध सलग वाढत जातात तसा रंग गडद होतो. शिवाय गरम, तीव्र कॉस्टिकमध्ये टीबीएबीसुद्धा मोडून ट्रायब्युटिलअमीन बनतं. माशासारखा वास आला तर तेच झालंय.

थायोफिनॉलचं आम्लत्व पुरेसं असल्यानं कॉस्टिकऐवजी पोटॅशियम कार्बोनेटवर काम भागतं. 6.25 ग्रॅम पीव्हीसी (0.1 मोल एकक) 125 मिली सायक्लोहेक्झॅनोनमध्ये पूर्ण विरघळवा, गुठळी राहिली तर आतला भाग कोराच राहतो. नायट्रोजनखाली 13.8 ग्रॅम कार्बोनेटचं 25 मिली पाण्यातलं द्रावण, 3.3 ग्रॅम थायोफिनॉल आणि 1.6 ग्रॅम टीबीएबी घाला. 60 अंशांवर जोरात ढवळा, दर तासाला नमुना काढा. टेट्राब्युटिलअमोनियम आयोडाइड वापरू नका: आयोडाइड सेंद्रिय थर सोडत नाही आणि कॅटॅलिस्ट अडकून पडतो. थायोफिनॉल विषारी आहे, सगळं काम फ्यूम हूडमध्येच करा.

शेवटी वरचा थर एक लिटर मिथेनॉलमध्ये बारीक धारेनं ओता. गाळलेला पॉलिमर मिथेनॉल आणि कोमट पाण्यानं धुवा. धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर गढूळपणा येणं बंद होईपर्यंत धुणं थांबवू नका.

यश रंगावरून ठरवू नका. शंभरातली 20 एककं बदलली तर गंधक 8.3 टक्के आणि क्लोरीन 36.7 टक्के यायला हवं (मूळ पीव्हीसीत 56.7). क्लोरीन घटला आणि गंधक त्या मानानं वाढलं नाही, तर तो क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन निसटलाय. अवरक्त वर्णपटात 1580 आणि 740 सेंमी⁻¹ चे पट्टे बघा. 690 चा पट्टा क्लोरीनच्या पट्ट्यात मिसळतो.

प्रश्न : शुद्ध रेझिनऐवजी पाइपचे तुकडे चालतील का?

उत्तर : आधी नको. पाइपात कॅल्शियम कार्बोनेट, स्टॅबिलायझर आणि रंग असतो, त्यामुळे वरचे आकडे जुळणार नाहीत. के-57 सारखं कमी के-मूल्याचं (म्हणजे आखूड साखळ्यांचं) रेझिन घ्या. ते लवकर विरघळतं.