अँप्लिफायर घ्या, पण 401(के)च्या कर्जावर नको

प्रश्न: वय 44, एडिसनला (न्यू जर्सी) राहतो, आयटीत नोकरी. चारेक वर्षांत पुण्याला परतायचं चाललंय. गाण्याचं वेड जुनं. आता एकदाची मनासारखी सिस्टिम घ्यायची आहे, आणि तीही अमेरिकेतच बनलेली: मॅकिंटॉशचा एमसी 275 अँप्लिफायर, मॅग्नेपॅनचे स्पीकर, व्हीपीआयचा टर्नटेबल, शिवाय प्रीअँप आणि केबल्स. डीलरने 18,000 डॉलर सांगितलेत. बचतीचे 24,000 आहेत, त्यांना हात न लावता 401(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, पाच वर्षांचं कर्ज काढावं म्हणतो. व्याज शेवटी आपलंच आपल्याला मिळतं ना? पत्नी म्हणते, किशोरीताई दोनशे डॉलरच्या स्पीकरवरही तशाच गातात.

उत्तर: वहिनींशी मी वाद घालणार नाही, पण तुमची ओढ मला कळते. एमसी 275 मी बघितलाय. चकचकीत क्रोमची बैठक, पुढे उघड्या व्हॉल्व्हची रांग, मागे काळे जड ट्रान्सफॉर्मर. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओसारखा तापायला जरा वेळ घेणारा. 1961 साली आलेलं मॉडेल सुधारणा होत होत आजही विकलं जातं, आणि ते जिथे बनतं ते बिंगहॅम्टन तुमच्या घरापासून गाडीने तीनेक तासांवर. असल्या वस्तूला मी उधळपट्टी म्हणत नाही.

माझी हरकत कर्जाला आहे. ‘व्याज आपलंच आपल्याला’ हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. ते 18,000 पाच वर्षं बाजारात नसतील, तेवढ्या काळात बाजाराने जे काही दिलं असतं ते हुकेल. ते एक वेळ सोडून देऊ. मुख्य अडचण नोकरीची आहे. नोकरी सुटली की उरलेलं कर्ज सहसा त्या वर्षीचा टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत परत करावं लागतं. नाही केलं तर ती रक्कम काढून घेतली असं धरतात. तिच्यावर उत्पन्न कर लागतो आणि वय साडेएकोणसाठच्या आत असल्याने वर 10 टक्के दंड.

आकडेच मांडतो. व्याज 9 टक्के धरलं तर हप्ता महिना 374 डॉलर. वर्षभराने ले-ऑफ झाला तर सुमारे 15,000 बाकी. दंड 1,500, आणि 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर फेडरल कर आणखी 3,300. म्हणजे नोकरी नसताना 4,800 डॉलरची चिठ्ठी हातात. आणि सगळं सुरळीत झालं तरी? तुम्ही चार वर्षांत निघणार आणि कर्ज पाच वर्षांचं. विमानात बसताना सव्वाचार हजार बाकी असणारच. हे तुमच्या लक्षात आलं नाही याचंच मला नवल वाटलं.

डीलर बिनव्याजी हप्ते देऊ करेल, तेही जपून. मी एकदा एका दुकानाच्या कार्डावर बारा महिने बिनव्याजी म्हणून टीव्ही घेतला आणि शेवटी चाळीसेक डॉलर भरायचे राहिले. पहिल्या दिवसापासूनचं व्याज लावलं त्यांनी. अर्जावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. सल्लागार असून.

आता यादीकडे. 18,000 वर न्यू जर्सीचा विक्रीकर 6.625 टक्के, म्हणजे जवळपास 1,200 आणखी. केबल्सचा आकडा तुम्ही वेगळा दिला नाहीत, पण हजाराच्या वर असेल तर खोडून टाका. महाग केबल्स हा श्रद्धेचा विषय आहे, श्रद्धा पुण्याला गेल्यावर ठेवा.

खरी गोम स्पीकर आणि अँप्लिफायरच्या जोडीत आहे. मॅग्नेपॅन मिनेसोटात बनतात. दारासारखे उंच, सपाट, आणि भिंतीपासून तीनेक फूट पुढे ओढून ठेवावे लागतात. पुण्याच्या फ्लॅटमधला हॉल डोळ्यांसमोर आणा. शिवाय ते वॉट खातात. त्यांची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक पॉवरवर निघणारा आवाज, 86 डेसिबलच्या आसपास, तर आर्कान्सामधल्या होप गावी बनणाऱ्या क्लिपश कंपनीच्या हेरेसी स्पीकरची 99. तेरा डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला साधारण विसावा हिस्सा पॉवर पुरते. एमसी 275 दर स्पीकरला 75 वॉट देतो. मॅग्नेपॅन लावलेत तर वर्षभरात मोठा अँप्लिफायर बघायला लागाल, असा माझा अंदाज. म्हणजे 18,000 हा आकडा मुक्कामाचा नव्हेच.

परतायचं असेल तर विजेचंही बघा. इथे 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, पुण्यात 230 आणि 50. साध्या स्पीकरला त्याचं सोयरसुतक नाही. अँप्लिफायरला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि 60 हर्ट्झसाठी केलेला आतला ट्रान्सफॉर्मर 50 वर जास्त तापू शकतो. टर्नटेबलची गंमत तर और. मोटर एसी सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी, असेल तर मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी 28 च्या आत फिरेल. काळी एकचा सा खालच्या काळी पाचवर जाऊन बसेल. किशोरीताई तशाच गातात, हे वहिनींचं म्हणणं तेव्हा खोटं ठरेल.

मी असं करेन. हप्त्याचे 374 तुम्हाला जमणार होतेच, त्यात थोडी भर घालून महिना 500 वेगळे टाका. वर्षात 6,000. त्यातून आधी हेरेसीसारखे कमी पॉवरवर वाजणारे स्पीकर घ्या, वापरलेले मिळाले तर उत्तम. अँप्लिफायर तूर्त शेकड्यांतला. शिट नावाची एक अमेरिकन कंपनी आहे (नाव खरंच तेच आहे, मुलांसमोर जपून), 2010 पासून बराचसा माल थेट ग्राहकाला विकते. एमसी 275 चं पुण्याचं नक्की झाल्यावर बघा. जुन्या बाजारात त्याला भाव टिकून असतो, त्यामुळे वापरलेला घेतलात तर विकताना फार झळ बसत नाही. फक्त वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच आहे का, आणि चार केटी 88 व्हॉल्व्ह किती तास वाजलेत, हे विचारून घ्या. नवा संचही स्वस्त नाही.

बचतीचे 24,000 आहेत तिथेच राहू द्या. तुम्ही घरखर्च कळवलेला नाही, पण एडिसनमध्ये तेवढ्यात चारेक महिने निघाले तरी पुष्कळ.

आणि टर्नटेबल इथेच घ्यायचा ठरला, तर 50 हर्ट्झची पुली किंवा स्पीड कंट्रोलर मिळेल का हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.