समुद्र नाही, खाडी नाही, मग विदर्भातल्या धानाच्या शेतात खेकडे येतात कुठून? आणि ते खाल्लेले चालतात का?

कुठूनच येत नाहीत, तिथेच असतात. मी भंडारा जिल्ह्यातला, घरची धानाची शेती. उन्हाळ्यात बांधी, म्हणजे धानाचा वाफा, भेगाळली की खेकडा धुऱ्यात (शेताच्या बांधात) नाहीतर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीत बीळ करून ओल लागेपर्यंत खाली जातो. कल्ले ओले राहिले की त्याचा श्वास चालतो, पाण्यात बुडून राहायची गरज नसते. मृगाचं पाणी बिळात शिरलं की सगळे एकदम बाहेर, म्हणून पावसासंग पडल्यासारखे वाटतात. आम्हा शेतकऱ्यांना या बिळांचा फार जाच. धुऱ्याला आरपार भोक पडलं की वरच्या बांधीचं पाणी रातोरात खालच्या बांधीत.

आता समुद्राचं. समुद्री खेकड्याच्या अंड्यातून तरंगणाऱ्या अळ्या निघतात आणि प्रवाहाबरोबर कुठच्या कुठे जातात. आपल्या खेकड्यांत ती अवस्थाच नाही. अंडी कमी पण मोठी; मादी ती पोटाखालच्या रुंद झाकणात धरून ठेवते आणि त्यांतून थेट बारके खेकडेच निघतात. पावसाळ्यात मादी उलटी करून बघा, कधी कधी पिल्लं तिथेच चिकटलेली दिसतात. म्हणजे जन्मापासून मरेपर्यंत समुद्राची गरज नाही. पण मग लांब पसरताही येत नाही. मधे डोंगर आला की पलीकडची जात वेगळी. सह्याद्रीत इतक्या जाती आहेत त्या यामुळेच. तिथला 'घाटियाना' हा वंश तर 2014 साली नोंदला गेला. त्यातले काही झाडाच्या ढोलीत राहतात! आपल्याकडच्या सपाट मुलखात दिसतो तो बहुतेक 'बॅरिटेलफुसा', चांगला तळहाताएवढा.

जगात अशा गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या 1300 हून जास्त जाती, बहुतेक उष्ण पट्ट्यात. दक्षिण युरोपातही थोड्या आहेत, पण मेक्सिकोच्या उत्तरेला अमेरिकेत मूळची एकही नाही.

खायला बेलाशक खा, रस्सा झक्कास होतो. फक्त पूर्ण शिजवा. खोकल्यावर कच्च्या खेकड्याचा रस कोणी सांगितला तर ऐकू नका. कच्च्या खेकड्यातून फुप्फुसात शिरणारा एक चपटा कृमी असतो. ईशान्य भारतात त्याचे रुग्ण सापडतात, आणि खोकल्यातून रक्त पडतं म्हणून कित्येकांवर आधी टीबीचेच उपचार होतात.