पोपच्या ढालीवर द्राक्षं कशाला?

प्रश्न: पोप फ्रान्सिस यांच्या चिन्हात निळ्या ढालीवर सूर्य, तारा आणि खाली द्राक्षाचा घड दिसतो, त्याचा अर्थ काय? आणि बाकीच्या बिशपांच्या (एकेका भागातल्या चर्चच्या प्रमुखांच्या) ढालीवर ती गोंडेवाली टोपी कशासाठी असते?

उत्तर: घड वाटतो खरा, पण ती द्राक्षं नाहीत हो! ते नार्डचं सुवासिक फूल आहे, येशूच्या आईचा नवरा संत जोसेफ याची खूण. स्पॅनिश भाषिक देशांत जोसेफच्या चित्रांत त्याच्या हातात हे फूल दाखवतात आणि फ्रान्सिस अर्जेंटिनाचे, त्यामुळे ते आलं. 2013 मध्ये पहिल्यांदा जे चित्र प्रसिद्ध झालं त्यात ते इतकं द्राक्षासारखं होतं की नंतर सुधारून काढावं लागलं, ताऱ्याची टोकंही पाचाची आठ केली. तारा म्हणजे मारिया, येशूची आई. वरचा सूर्य, त्यातली येशूच्या नावाची अक्षरं आणि खालचे तीन खिळे ही जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाची खूण, आणि फ्रान्सिस हे पहिलेच जेझुइट पोप, म्हणजे ती सगळ्यात वर असणारच. ही ढाल त्यांनी पोप झाल्यावर नवीन केली नाही, बिशप असतानाचीच थोडी फेरफार करून ठेवली.

आता टोपीचं. सरदाराच्या ढालीवर शिरस्त्राण असायचं, पण धर्मगुरू लढाईला जाणार नाही म्हणून त्याच्या ढालीवर रुंद काठाची टोपी आली आणि हुद्दा तिच्यावरूनच कळायला लागला. लाल टोपी आणि दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गोंडे दिसले की कार्डिनल (पोपच्या खालोखालचे), हिरवी आणि दहा-दहा म्हणजे आर्चबिशप (बिशपांच्या वरचे), हिरवीच पण सहा-सहा म्हणजे बिशप, आणि साध्या पाद्रीला काळी टोपी नि एकेकच गोंडा. टोपीखाली ढालीमागे क्रूस असतो, त्याला आडव्या पट्ट्या दोन असतील तर आर्चबिशप, एक असेल तर बिशप. पोपला मात्र ही टोपी नाही, त्यांच्या ढालीमागे येशूचा शिष्य संत पीटर याच्या दोन किल्ल्या, एक सोन्याची एक चांदीची.

म्हणजे टोपी सांगते पद, माणूस कळतो ढालीवरून, आणि खरी मजा तिथेच आहे असं माझं मत. फ्रान्सिस यांच्या आधीचे पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या ढालीवर पाठीवर ओझं घेतलेलं अस्वल आहे. गोष्ट अशी की संत कॉर्बिनियन रोमला निघालेले असताना अस्वलाने त्यांचा सामानाचा घोडा मारला, तर त्यांनी सगळं सामान अस्वलाच्याच पाठीवर लादलं आणि रोमला पोचल्यावर त्याला सोडून दिलं. बेनेडिक्ट आधी म्युनिकचे आर्चबिशप होते, तिथलीच ही दंतकथा, आणि ते स्वतःलाही ओझं वाहणारं जनावर समजायचे. त्याच ढालीवर एक शिंपलाही आहे, तो यात्रेकरूंचा. पोपच्या ढालीवर शतकानुशतकं तिहेरी मुकुट असायचा, तो त्यांनीच 2005 मध्ये काढून बिशप डोक्यावर घालतात ती उंच टोकदार टोपी लावली, वरची गोंडेवाली नव्हे. फ्रान्सिस यांनीही तीच ठेवली.