वाचकांचे प्रश्न : मेट्रोनोम लावला की हात का अडखळतो?

प्रश्न : दीड वर्षापासून मी गिटार शिकतो आहे. एकट्याने वाजवताना गाणे बरे जमते. परंतु सोसायटीच्या गणेशोत्सवात तबल्याबरोबर बसलो, तेव्हा दुसऱ्या कडव्यापर्यंत मी तबल्याच्या पुढे निघून गेलो होतो. आता मोबाइलवरचा मेट्रोनोम (लय धरण्यासाठी सारख्या अंतराने टिकटिक करणारे साधन) ९० वर, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांवर, लावून रोज अर्धा तास बसतो. जी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) सी किंवा एफ घेताना अडखळतो आणि मग टिकटिक गाठण्यासाठी धावतो. मेट्रोनोमने वादन यांत्रिक होते, असेही काही जण म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पुढे पळणे आणि अडखळणे हे आपल्याला दोन दोष वाटत असले, तरी ते एकच आहेत. सोपी जागा आली की हात सुटतो आणि अवघड जागी थांबतो. एकट्याने वाजवताना गाणेही आपल्यासाठी थांबते, म्हणून हे कळत नाही. तबला थांबत नाही.

९० ची लय म्हणजे एका मात्रेला सेकंदाचे दोन तृतीयांश. एवढ्या वेळात आपली बोटे एफवर पोहोचत नसतील, तर अर्धा तास आपण अडखळण्याचाच सराव करत आहात. मेट्रोनोम ५० वर आणा, म्हणजे मात्रेला १.२ सेकंद मिळतील, आणि संपूर्ण गाणे बाजूला ठेवून चार मात्रा जी, चार मात्रा एफ एवढेच वाजवा. सलग चार-पाच मिनिटे चूक झाली नाही, तरच तीन-चार अंकांनी लय वाढवा. या वेळी उजवा हात कोणत्याही परिस्थितीत थांबता कामा नये. डाव्या हाताची बोटे पोहोचली नाहीत, तर मोकळ्या तारा वाजू द्या. कानाला ते खटकेल, पण लय तुटणार नाही. चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात बोटे उचलून मोकळ्या तारांवर हात फिरवणे ही तर अनुभवी वादकांचीही रीत आहे.

टिकटिक ऐकून मग आघात करणारा नेहमीच मागे राहतो. तोंडाने ‘एक आणि दोन आणि’ मोजत राहावे. आघात अचूक पडला की टिकटिक गिटारच्या आवाजात जवळजवळ बुडून जाते. ती आघाताच्या आधी वेगळी ऐकू आली तर आपण मागे आहात, नंतर ऐकू आली तर पुढे. (इअरफोन एकाच कानाला लावावा, म्हणजे गिटारही ऐकू येते.)

यांत्रिकपणाचा आक्षेप जुनाच आहे. योहान मेल्त्सेल या जर्मन यंत्रनिर्मात्याने १८१५ मध्ये मेट्रोनोमचे पेटंट घेतले आणि संगीतकार बेथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या सिंफनींसाठी मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. त्या आकड्यांवरून वाद्यवृंद-संचालक आजही वाद घालतात. माझ्या मते वादन यांत्रिक होते ते मेट्रोनोमवर कायम टेकून राहिल्याने. म्हणून आधार हळूहळू काढून घ्यावा. ८० च्या लयीचे गाणे जमू लागले की यंत्र ४० वर ठेवा आणि त्याचे ठोके दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडत आहेत असे मानून वाजवा. पहिली आणि तिसरी मात्रा आता आपली आपणच सांभाळायची आहे. पहिल्या दिवशी हे अशक्य वाटते, आठवड्याभरात हात सरावतो.

आपल्याला तबल्याबरोबर बसायचे आहे, तेव्हा एक फरक ध्यानात ठेवावा. ठेक्यातला बोल मात्रेगणिक बदलतो, त्यामुळे सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते कानाला कळते; मेट्रोनोमचे ठोके सारखेच असतात. म्हणून एक दिवस मेट्रोनोम आणि एक दिवस तबल्याच्या अ‍ॅपवर केरव्याचा आठ मात्रांचा ठेका, असा सराव ठेवावा. आठवड्यातून एकदा कशाचाही आधार न घेता तेच गाणे वाजवून रेकॉर्ड करावे आणि पहिल्या व शेवटच्या कडव्याची लय अ‍ॅपवर बोटाने ठोके देऊन मोजावी. पुढच्या वेळी साथीला बसाल, तेव्हा तबलावादकांना एक-दोन आवर्तने आधी वाजवायला सांगा, पायाने ती मोजा आणि मगच समेवर पहिला आघात करा.