लिनेझोलिडचं नाव लक्षात ठेव

अगं, एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी नुकतीच सुरू झालीय ना, मग एक नाव पाठच करून ठेव: लिनेझोलिड. चिवट जंतुसंसर्गावर आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर हे अँटिबायोटिक देतात. पण शरीरात सेरोटोनिन (मूडशी संबंधित रसायन) मोडणाऱ्या एन्झाइमलाही ते अडवतं. आपल्या गोळीचा परिणाम सेरोटोनिनवरच, त्यात ही भर. मग दरदरून घाम, हातापायांना थरथर, जुलाब, छातीत धडधड, जिवाची नुसती तगमग. ताप आला की माणूस म्हणतं, दुखण्याचाच असेल. तिथेच घात होतो. असं झालं तर रात्र काढू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ. फ्लुओक्सेटिन ही आपल्यासारखीच दुसरी गोळी तर बंद केल्यावरही ५ आठवड्यांपर्यंत अंगात रेंगाळते, तेव्हा डॉक्टरांना जुनी गोळीही सांगायची. क्लॅरिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सचा धोका वेगळा, हृदयाच्या ठोक्यांचा. अमॉक्सिसिलिन सहसा चालतं.

मी गोळ्यांच्या पाकिटाचा नाव असलेला तुकडा मोबाइलच्या कव्हरमागे ठेवते. दातांच्या डॉक्टरांसमोरही ‘डिप्रेशनची गोळी’ म्हणताना जीभ अडखळते ना, तेव्हा तो तुकडा सरळ टेबलावर ठेवायचा. आणि हे वाचून घाबरून मनानेच गोळी थांबवू नकोस हं, आधी तुझ्या डॉक्टरांना फोन कर.