पावसात पहिल्यांदा बाईकने घाट उतरतोयस ना, मग हे वाच

कुंभार्ली उतरून चिपळूणला ये की बिनधास्त, फक्त एक डोक्यात ठेव, ब्रेक नुसता चाक अडवतो, गाडी थांबते ती टायर आणि रस्त्यातल्या घर्षणामुळे आणि ओल्या डांबरावर तेच कमी झालेलं असतं. पहिल्या पावसात तर साचलेलं ऑइल वर येतं, तेव्हा डबल जपायचं.

नवीन पोरं हमखास करतात त्या चुका:

- उतारावर न्यूट्रल. पेट्रोल वाचतं म्हणून करतात, अजिबात करू नको रे, गुरुत्वाकर्षण खाली खेचतच असतं, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे ठेवलीस की इंजिनच गाडीला धरून ठेवतं.
- वळणात शिरल्यावर ब्रेक. टायरची पकड ठराविकच, ती वळण्यात खर्च झाली की ब्रेकला काय उरणार? स्पीड आधीच कमी कर.
- नुसता मागचा ब्रेक. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून दोन्ही दाब, पण हळूहळू, कचकन नाही.

आणि स्पीड ३० चा ६० झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, दुप्पट नाही. कडेला लाल माती वाहून आलेली दिसली की आधीच सावकाश हो. बाकीचं तू दोन-चार वेळा उतरलास की सांगतो.