गोल्फमध्ये हँडिकॅप ८ असताना ब्लेड आयर्न घ्यावेत की टायटलिस्ट टी-१०० बरे? ज्याला विचारावं तो वेगळंच का सांगतो?

तुम्ही लिहिलंय की हँडिकॅप ८ च्या आसपास आहे (म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण आठ जास्त), सध्या पोकळ हेडवाले लांब जाणारे आयर्न म्हणजे लोखंडी क्लब वापरताय, सात नंबर १६० यार्ड जातो पण ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबत नाही, आणि आता टायटलिस्टचा ६२० एमबी म्हणजे पक्का ब्लेड (जुन्या पद्धतीचा बारीक, भरीव आयर्न) घ्यायचा की टी-१०० यावर क्लबमध्ये निम्मे लोक म्हणतात ब्लेडनेच गेम सुधारतो आणि निम्मे म्हणतात वेड लागलंय का. माझं मत आधीच सांगून टाकतो. टी-१०० घ्या, आणि दुकानदार तयार असेल तर वरचा (चार-पाच) एखादा नंबर त्याहून सोप्या मॉडेलचा घ्या. का ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी ही मतं येतात कुठून ते बघा. आयर्नबद्दल बोलणारा माणूस शंभरातले ९० वेळा आपला सगळ्यात चांगला लागलेला शॉट आठवून बोलत असतो. मधोमध लागला की ब्लेड काय आणि दुसरं काय, सगळंच लोण्यासारखं वाटतं, त्यामुळे "अरे मी टाकून बघितला, काय फील आहे" हे मत तुमच्या काहीच कामाचं नाही. कामाचं मत म्हणजे जो सांगेल की बॉल टोकडे (हेडच्या बाहेरच्या टोकाला) लागला तेव्हा काय झालं, थोडा खाली लागला तेव्हा बंकर (वाळूचा खड्डा) पार झाला की नाही. हे खेळणाऱ्यापेक्षा कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनीसाला) जास्त चांगलं माहीत असतं कारण तो बॉल पडतो कुठे ते बघतो, तुम्ही बघता फक्त फॉलो थ्रू. तुमचा नेहमीचा कॅडी असेल तर त्याला सरळ विचारा की दादा, माझा सात नंबर चुकतो तेव्हा कमी पडतो की बाजूला जातो. त्याचं उत्तर कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा भारी असेल.

आता तो १६० यार्डांचा सात नंबर. क्लबवर ७ लिहिलंय म्हणून तो सात नंबर होत नाही. खरा आकडा लॉफ्टचा, म्हणजे फेस (बॉलला लागणारी बाजू) किती अंश मागे कललाय त्याचा, तो कमी तितका बॉल लांब जातो. टायटलिस्टचंच उदाहरण घ्या, ६२० एमबीचा सात नंबर ३५ अंशांचा, टी-१०० चा ३४, टी-१५० चा ३२, आणि टी-३५० चा २९. म्हणजे एकाच कंपनीत सात नंबर म्हणून ६ अंशांचा फरक, टी-१०० च्या हिशोबाने २९ अंश म्हणजे जवळजवळ सहा नंबरच झाला. टेलरमेडचा पी-७९० ही ३०.५ ला आहे. त्यामुळे नवीन सेट हातात आला की सात नंबर १५० च्या आत यायला लागेल, आणि तेव्हा ग्रुपमधला कोणीतरी हमखास म्हणणार, काय रे पैसे घालून मागे आलास. लक्ष देऊ नका. १५० यार्डाला सहा मारला की सात मारला हे स्कोअरकार्डवर लिहीत नाहीत.

बॉल थांबत नाही ही तुमची खरी तक्रार आहे आणि ती एकदम बरोबर आहे. ढोबळ हिशोब असा की आयर्नचा नंबर गुणिले हजार एवढा स्पिन (बॉलची उलटी गिरकी) हवा, सात नंबरला सात हजार आरपीएमच्या आसपास. शॉट मोजणारं रडार बनवणाऱ्या ट्रॅकमॅनने अमेरिकेतल्या पीजीए टूरच्या प्लेयर्सची जी सरासरी काही वर्षांपूर्वी दिली होती त्यात सात नंबर १७२ यार्ड कॅरी (हवेतलं अंतर), स्पिन साधारण ७१००, आणि बॉल खाली येतो तो ५० अंशांच्या कोनात. आपल्याला एवढं जमायचं नाही, पण ४५ च्या आसपास कोन मिळाला तर साध्या ग्रीनवर बॉल एकदोन उड्या मारून थांबतो. पोकळ हेड, पातळ फेस आणि कमी लॉफ्ट एकत्र आले की बॉलला वेग मिळतो पण स्पिन कमी मिळतो, शिवाय रफमधून (लांब गवतातून) किंवा ओल्या गवतातून मारला की फेस आणि बॉलमध्ये पाणी येतं आणि एखादा शॉट अचानक पंधरा यार्ड जास्त पळतो. मे महिन्यात ग्रीन टणक झालं की मग विचारायलाच नको, ग्रीनच्या अलीकडे पाडून घरंगळत आणायचा एवढंच उरतं आणि तिथे बंकर असेल तर तेही नाही. तेव्हा लॉफ्ट परत घेणं हा निर्णय योग्यच आहे, प्रश्न एवढाच की तो लॉफ्ट ब्लेडमधून घ्यायचा की टी-१०० मधून. दोघांच्या सात नंबरात लॉफ्टचा फरक फक्त एक अंश. म्हणजे बॉल थांबवण्यासाठी ब्लेडच हवा हे जे सांगतात ना, ते इथेच संपतं.

मग फरक कशात आहे तर चुकलेल्या शॉटमध्ये. ब्लेडमध्ये सगळं लोखंड बॉलच्या मागे मधोमध, कडांना फारसं वजन नाही, त्यामुळे टोकडे लागला की फेस वळतो आणि वेग गळतो, क्रिकेटच्या बॅटच्या टोकाला बॉल लागल्यावर हात झिणझिणतात तसा फील येतो आणि बॉल एक क्लब कमी पडतो. वजन कडांना नेलं की हे कमी होतं हे कार्स्टन सोल्हाइमने साठच्या दशकात दाखवून दिलं, तो जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनियर होता, स्वतःच्या पटिंगला कंटाळून गॅरेजमध्ये पटर बनवायला लागला आणि त्यातून पिंग कंपनी उभी राहिली, १९८२ चा पिंग आय-२ तर अजून कोणाच्या ना कोणाच्या बॅगेत दिसतो. टी-१०० मध्ये तेच तत्त्व आहे फक्त लपवून, आत टंगस्टन घातलंय, वरून बघितलं तर टॉपलाइन (हेडची वरची कड) बारीक, ऑफसेट (फेस दांड्यापेक्षा मागे असणं) कमी, हेड आटोपशीर, ब्लेडवाल्या माणसाला डोळ्याला खटकणार नाही असं.

टूरवरचे लोक ब्लेड वापरतात मग आपण का नाही, हे पण तुम्हाला कोणीतरी ऐकवलंच असेल. स्कॉटी शेफलरचं बघा, टायगर वुड्सच्या नावाचे पी-७टीडब्ल्यू ब्लेड वापरतो, बरोबर, पण पाच नंबरपासून खाली. तीन आणि चार नंबरला त्याच्याकडे श्रिक्सनचे झेडयू-८५ होते, म्हणजे जाडजूड सोपे युटिलिटी आयर्न. जगातला एक नंबरचा प्लेयर वरच्या नंबरांना मदत घेतोय आणि आपण शनिवार रविवार खेळून तीन नंबरचा ब्लेड घ्यायचा म्हणतो. जॉर्डन स्पीथ तर टी-१०० च वापरत आलाय. ब्रूक्स केप्काने २०१७ चं यूएस ओपन मिझुनोच्या जेपीएक्स ९०० टूर आयर्नवर जिंकलं, तोही कॅव्हिटी बॅकच (मागून खोलगट, कडांना वजन असलेला), आणि त्या वेळी त्याचं मिझुनोशी पैशाचं काही कॉन्ट्रॅक्ट नव्हतं. हे लोक रोज शेकडो बॉल मारतात तरी पण जिथे सोपं मिळतं तिथे सोपं घेतात.

राहता राहिलं ते "ब्लेडने स्विंग सुधारतो". यात थोडं तथ्य आहे असं मी मानतो, थोडंच. ब्लेडवर चुकलेला शॉट हाताला लगेच कळतो, पोकळ हेडवर बऱ्याचदा कळतच नाही. पण कळणं वेगळं आणि सुधारणं वेगळं. बॉल टोकडे लागला हे कळून पुढचा बॉल मधोमध लागत नाही, उलट दोन वेळा हात झिणझिणले की माणूस बॉलला जपून मारायला लागतो आणि स्विंग आखडतो. ज्यांना हा प्रयोग करायचाच आहे त्यांनी जुन्या बाजारातून एखादा सुटा सात नंबरचा ब्लेड घ्यावा आणि रेंजवर सराव करावा, मॅचला न्यायची गरज नाही. फेसवर कंपनीचं स्टिकर लावून किंवा पावडरचा फवारा मारून बॉल कुठे लागतो ते बघितलं तरी तेच कळतं, तेही स्वस्तात.

फीलबद्दल मात्र मी कोणाशी भांडत नाही. मिझुनो वापरणारे लोक फीलवर तासभर बोलू शकतात आणि कंपनीने पण त्यावर मेहनत घेतलीय, हिरोशिमात फोर्जिंग (धातू ठोकून घडवणं), १०२५-ई नावाचं मऊ कार्बन स्टील, प्रो २२१ मध्ये क्रोमच्या खाली तांब्याचा थर. पण फीलचा मोठा भाग आवाज असतो, कानात बोळे घालून मारून बघा, निम्मी जादू जाते. तरी पण जो आवाज ऐकून तुम्हाला परत एक बॉल मारावासा वाटतो तो आयर्न घेणं चुकीचं नाही, पैसे तुमचे आहेत. मिझुनोच आवडला तर तुमच्यासाठी २२१ नाही, २२३ बघा, त्याचा सात नंबर ३२ अंशांचा आहे, टी-१५० च्या जवळ जातो.

आता ज्या दोन गोष्टींवर कोणी बोलत नाही त्या. एक, सोल, म्हणजे क्लबचा तळ. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जमीन मऊ आणि त्यानंतर हळूहळू खडक, आणि ब्लेडचा पातळ, धारदार सोल पावसाळ्यात सरळ जमिनीत घुसतो, विशेषतः तुम्ही वरून उतरत मारत असाल तर. दुकानातल्या मॅटवर हे कधीच कळणार नाही कारण मॅटवर क्लब घसरतो आणि फॅट शॉटसुद्धा (बॉलच्या आधी जमिनीला लागलेला) बरा लागल्यासारखा वाटतो. पुण्या-मुंबईत असाल तर खारघरला सिडकोचा कोर्स मेंबरशिपशिवाय खेळता येतो, कोणाचा तरी डेमो मागून तिथे गवतावर मारून बघा, सिम्युलेटरवरच्या आकड्यांवर एवढा खर्च करू नका. शक्य असेल तर स्वतःचाच बॉल वापरा, रेंजचा दगड झालेला बॉल स्पिनबद्दल काहीच खरं सांगत नाही.

दुसरं शाफ्ट, म्हणजे दांडा, आणि याला मी हेडपेक्षा जास्त महत्त्व देतो. चांगल्या प्लेयरचा सेट म्हटला की डायनॅमिक गोल्ड एस-३०० ठरल्यासारखा येतो, तो १३० ग्रॅमच्या आसपास आहे. तुमच्या आत्ताच्या सेटमध्ये बहुतेक शंभर ग्रॅमच्या आतला शाफ्ट असेल, एकदम ३० ग्रॅम वाढले की पहिल्या नऊ होलला बरं वाटतं आणि मग चौदाव्या पंधराव्या होलला उन्हात हात खाली पडायला लागतात आणि सगळं उजवीकडे जातं. मग लोक म्हणतात टी-१०० माझ्याच्याने होत नाही. निप्पॉनचा मोडस १०५ किंवा त्याहून हलका ९५०-जीएच टाकून मागा, हेड तेच राहील आणि बॉल उंचही जाईल. लाय अँगल (क्लब जमिनीवर किती उभा बसतो) पण तपासून घ्या, आठ नंबरचे डिव्हॉट (गवतात पडणारे खड्डे) टोकडे खोल असतील तर क्लब तुम्हाला सपाट पडतोय आणि बॉल उजवीकडे सुटणार. हे पाच मिनिटांचं काम आहे, फोर्ज्ड हेड असल्यामुळे वाकवताही येतं.

सेट कसा लावायचा तर सहा ते पिचिंग वेज (नऊ नंबरच्या खालचा, जास्त लॉफ्टचा क्लब) टी-१०० आणि पाच नंबर टी-१५०, चार नंबरऐवजी हायब्रिड (आयर्न आणि वूडच्या मधला सोपा क्लब). फक्त एक लक्षात ठेवा, टी-१५० चे लॉफ्ट साधारण २ अंशांनी कमी आहेत त्यामुळे पाच आणि सहामध्ये अंतर जास्त पडतं, पाच नंबर एक अंश उघडा (जास्त लॉफ्टचा) करून घ्या. खालच्या बाजूला उलट होईल, टी-१०० चा पिचिंग वेज ४६ अंशांचा आणि तुमच्या आत्ताच्या सेटचा बहुतेक ४३-४४, म्हणजे सध्या मधे जो गॅप वेज भरलाय तो कदाचित फुकट जाईल. ५० आणि ५६ ठेवलेत तर भागतं, ज्यांना लॉब वेजशिवाय चैन पडत नाही त्यांनी ६० ठेवावा, मी तरी त्यापासून लांब राहतो.

नवीन सेट लाखाच्या वरच जातो त्यामुळे जुना घेणार असाल तर तेही चालेल, २०१९ चा पहिला टी-१०० सुद्धा आजच्यापेक्षा फार मागे नाही, आयर्नमध्ये तीनचार वर्षांत आभाळ कोसळत नाही. पण घेताना नऊ नंबर आणि पिचिंग वेजचे ग्रूव्ह (फेसवरच्या खाचा) बोट फिरवून बघा, बाकी सेट चकाचक आणि हे दोन गुळगुळीत असं नेहमी असतं. २०१० च्या आधीचे जुने ब्लेड कोणी स्वस्तात देत असेल तर ग्रूव्हचे नियम तेव्हा बदलले हे माहीत असू द्या, स्पर्धा खेळत असाल तर आधी विचारून घ्या. पिंग मिळाला तर हॉझलजवळचा (हेड दांड्याला जोडतं तिथला) रंगीत ठिपका बघा, काळा म्हणजे स्टँडर्ड लाय, निळा म्हणजे उभा, लाल म्हणजे सपाट. आणि कोणताही फोर्ज्ड सेट असो, लॉफ्ट मशीनवर लावून बघायला सांगा, मऊ स्टील वापरून वापरून एकदोन अंश इकडे तिकडे सरकतं आणि मग आठ आणि नऊ नंबर सारखेच जायला लागतात. विकणारा मशीनवर लावायला नाही म्हणाला तर सेट तिथेच ठेवा.